माशांचं दुकान आणि माझा माइंडसेट

३ जानेवारी
शोभेच्या माशांच्या दुकानाला वर्ष झालं. तोटा. पण कोच म्हणतात (ऑनलाइन कोर्स, फी भरलीय) तोटा खिशात नसतो, डोक्यात असतो. माझं डोकं साफ आहे. खिसाही.
बायको म्हणाली, बंद करा आता. अगं, बंद केलं की तोटा खरा होतो! एवढं साधं कळत नाही. तिचं शिवणकामाचं दुकान बरं चालतं, त्यामुळे जरा शेफारलीय.

१९ जानेवारी
संकल्प: रोज आरशासमोर 'मी विजेता आहे', दहा वेळा. मुलीला शाळेची घाई, बाथरूमचं दार बडवत होती. सहावर थांबलो.
गिऱ्हाईक एकच. जुनी टाकी घेता का, विचारत होता. घेतली. स्वस्तात पडली.

८ फेब्रुवारी
दुपारी वीज गेली, हवेचे पंप बंद. बॅटरी घेणारच होतो, पण भीतीपोटी खर्च करायचा नाही, हा धडा चार. महागातले सगळे मासे मेले. मुलगी बादली धरून उभी. रडायला लागली. म्हटलं, उद्योजकाची मुलगी रडत नाही. मग मी जरा मागे जाऊन आलो. डोळ्यात काहीतरी गेलं होतं.

२० फेब्रुवारी
मेहुणा विचारतो, आज हेच पैसे रोख हातात असते, तर माशांच्या दुकानात घातले असते का? मी म्हटलं, वेडा आहेस का? तो चहा न घेताच उठला. व्हिजन नाही बिचाऱ्याला.

४ मार्च
मोठा निर्णय. एक दुकान विकायचं. कुठलं? ज्याला भाव येतो ते. म्हणजे बायकोचं. माझं फुकटसुद्धा कोणी घेत नाही, याचा अर्थ त्याची खरी किंमत अजून बाजाराला कळलेली नाही.
बायको म्हणाली, अहो, घर त्याच्यावर चालतं. भावनेच्या भरात बोलते. कागद माझ्या नावावर आहेत, हे बरं.

३० मार्च
विकलं, मशिनींसकट. शेजारच्या लाँड्रीवाल्याने घेतलं. बायकोने मशिनींना तेल घातलं, आपली कात्री पर्समध्ये टाकली, किल्ली त्याला दिली. वाटलं होतं, तमाशा होईल. पण समजूतदार!
आलेल्या पैशांत मोठ्या टाक्या घेतल्या.

२२ एप्रिल
लाँड्रीवाल्याने तिलाच पगारावर ठेवलं. तिच्याच मशीनवर. रिस्क गेली, पगार बांधला गेला. हे मी आधीच हेरलं होतं.

१७ मे
टाक्या झकास. मासे घ्यायला पैसे उरले नाहीत. पण दिवे लावले की नुसतं पाणीसुद्धा छान दिसतं.

९ जून
भाडं थकलंय, गाळामालक उद्या दुकानाला कुलूप लावणार म्हणतो. लाँड्रीवाल्याकडे गेलो, बायकोचा पगार आगाऊ मागितला. तो मान खाली घालून म्हणाला, वहिनींनी सांगून ठेवलंय, नवरा आला तर द्यायचा नाही.
ती आतच होती. ऐकू गेलं असणार. मशीन थांबली नाही. मुलगी शेजारी गृहपाठ करत होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, आणि परत वहीत डोकं घातलं.
म्हटलं, अहो, गंमत केली. हसलो. कोणीच हसलं नाही.
दुकानात येऊन बसलोय. लाज वाटतेय. लाज हा नकारात्मक विचार आहे, धडा सात. तरी वाटतेय.