भरलेलं वजन, रिकामं वजन

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि काल पेडण्याच्या कॉम्प्युटर क्लासात मला तुमचा असा राग आला की हातातला माउस मी टेबलावर आपटला. शिकवणारी मुलगी दचकलीच. माझ्या लेकीच्या वयाची आहे ती. म्हणाली, "मावशी, चुकलं म्हणून काही बिघडत नाही, मागे जाता येतं." चुकलं नव्हतं गो. बरोबर आलं होतं, म्हणूनच.

लग्नानंतर काजूच्या फॅक्टरीत गर निवडायला लागले, ती अजून तिथेच आहे. आता स्टॉक लिहिणारी बाई निवृत्त होते आहे. मालक म्हणाले, "कॉम्प्युटर शिकलीस तर तिचं कदेल तुझं, बस त्या खुर्चीवर." म्हणून हळर्णहून बस धरून मी क्लासला जाते. सुरुवातीला नुसते चौकोनच चौकोन दिसायचे. एकात लिहावं तर अक्षरं शेजारच्यात सांडायची. काल तिने डब्यांची वजनं घातली. भरलेल्या डब्याचं वजन एका रकान्यात, रिकाम्याचं दुसऱ्यात. तिसऱ्यात बरोबरचं चिन्ह टाकून पहिल्यातून दुसरं वजा करायचं. मग त्या चौकोनाचा कोपरा धरून खाली ओढला, तर सगळ्या ओळींची वजाबाकी आपोआप भरत गेली.

बाबा, हे तर तुमचं काम! खाणीच्या वजनकाट्यावर बसून तुम्ही दुसरं काय करत होता? भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, मधला फरक म्हणजे माल. हे तुम्ही ड्रायव्हरशी बोलता बोलता करायचा. आणि तेच कॉम्प्युटरवर करा असं साहेब म्हणाले, तर उठून घरी आलात.

तो दिवस माझ्यापुढून हलत नाही. मी स्वयंपाकघरात नारळ खवते आहे, आणि भर दुपारी तुम्ही दारात. डबा तसाच भरलेला. "उद्यापासून मी जायचो नाय," एवढंच बोललात. बाकीचं आईने तुमच्याकडून हळूहळू काढून घेतलं. शिकवायला पणजीहून एक तरणा पोर आला होता. माउसवर ठेवलेला हात तुम्ही झटकन मागे घेतलात तेव्हा तो म्हणाला, "काका, हुंदीर तो, चाबचो ना!" आणि सगळे हसले. आई म्हणाली, "एक दीस हसले म्हणान काय झाला? फाल्या सकाळी परत जावा." तुम्ही डबा उचलून अंगणात भिरकावलात. भातावर कोंबड्या जमल्या. साहेबांनी दोनदा माणूस पाठवला, तुम्ही दार सोडाच, खिडकीचं जनेलसुद्धा उघडलं नाहीत.

म्हाप्शाच्या कॉलेजात माझं नाव लागलं होतं. नवा ड्रेस शिवून आला होता. तुम्ही म्हणालात, "बाप घरी बसलाय, मुलीने कॉलेज कसलं करायचं?" आणि पाऊस संपायच्या आत माझं लग्न ठरवलंत. हसले तुम्हाला, बाबा, शिक्षा मला का? त्यानंतर शेवटपर्यंत तुम्ही घरापुढच्या सोप्यावर बसून रस्त्याने जाणारे ट्रक बघत राहिलात, आणि आम्ही घरात पावलं न वाजवता वावरलो, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. मला कोणी विचारलं, तुला काय वाटतं? तुम्ही तर नाहीच.

मला वाटायचं, ज्याला माझे बाबा घाबरले ते केवढं अवघड असेल! त्या भीतीने मुलांच्या कॉम्प्युटरवरची धूळसुद्धा मी कधी पुसली नाही. इतकी वर्षं. आणि काल कळलं, एवढंच होतं ते. एवढंच! दुसऱ्या दिवशी परत गेला असतात, तर आठवड्याभरात त्या पोराला तुम्हीच काटा समजावून दिला असतात. तुम्हाला जमलं नाही असं नाही, तुम्ही बघितलंच नाही. जमलं नसतं तर मी केव्हाच माफ केलं असतं.

हे कागद मी कुठे पाठवणार? चुलीत घालीन नाहीतर कपाटात राहतील. ते कदेल मिळेल की नाही, ठाऊक नाही, अजून रकाने चुकतात. पण एक गोष्ट फक्त तुम्हालाच सांगता येते. क्लासला जाते हे मी घरात कोणालाच सांगितलेलं नाही. महिला मंडळाची बैठक आहे असं सांगून निघते. मुलं हसतील, म्हणून.