अमावास्येची वरात

सिडको, नाशिक
५ एप्रिल २०२५

ती. आप्पांस, शि. सा. न. वि. वि.

तुमचा उजवा कान गेल्यापासून फोनवर तुमच्याशी बोलणं म्हणजे मी सांगायचं आणि आईने ते तुमच्या डाव्या कानात ओरडायचं. आज जे सांगायचं आहे ते आईने ओरडून गल्लीला कळवू नये, म्हणून हे पत्र.

इकडे सर्व ठीक. अंबडच्या कारखान्यात दिवसाला हजारभर बोल्ट माझ्या हाताखालून जातात. मापात नसलेले मी बाजूला काढते. बोल्ट वाद घालत नाहीत, त्यामुळे नोकरी आवडते.

आता मुख्य गोष्ट. तीन वर्षांपूर्वी मी सांगितलं होतं की शनिवारी संध्याकाळी संगणकाच्या क्लासला जाते. तो क्लास दीड महिन्यात संपला. तेव्हापासून शनिवारी मी ड्रम वाजवते. आमचा तिघांचा बँड आहे. संध्या गाते, ओम गिटार वाजवतो, ड्रमवर मी. नाव 'विनंती थांबा'. एसटीच्या पाटीवरून घेतलं. गाणी आमची आम्हीच लिहितो. संध्याचं एक गाणं द्वारका चौकातल्या ट्रॅफिकवर आहे. ते साडेसहा मिनिटं चालतं, म्हणजे चौकापेक्षा लवकर संपतं.

२७ एप्रिलला, रविवारी, गंगापूर धरणाच्या बाजूला माळावर संगीत महोत्सव आहे. पुण्या-मुंबईचे बँड ऊन उतरल्यावर, आम्ही नाशिकचे साडेचारला उन्हात. तुम्ही यावं असं मला वाटतं.

चांदवडच्या त्या वरातीत तुम्ही माझ्या गळ्यातला साईड ड्रम काढलात आणि आपल्या बँडच्या पुंजाकाकांच्या गळ्यात अडकवलात. त्यांच्या गळ्यात आधीच मोठा ढोल होता, तरी. त्यानंतर ड्रम मला परत दिला नाहीत. मी तेरा वर्षांची होते. माझा ताल सुटला असणार, हे मी कधीच मान्य करून टाकलं आहे. आता सुटत नाही, आप्पा. एकदा येऊन ऐका, एवढंच मागणं आहे.

राग आला असेल तर दोन ओळींत रागवा, पण पत्र पाठवा. आईला नमस्कार.

तुमची,
तेजू


लासलगाव
१२ एप्रिल २०२५

चि. तेजस्विनीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावले. नाशिकहून लासलगावला यायला त्याला पाच दिवस लागले. आपल्या मार्केटचा कांदा यापेक्षा लवकर कलकत्त्याला पोहोचतो.

क्लासचे खोटे बोललीस त्याचा राग दोन दिवस होता. मग आठवले की मीही घरी तालमीत जातो सांगून ट्रंपेट शिकलो. म्हणून तो विषय बंद.

तुझ्या बँडविषयी काही शंका आहेत. नाव बरे नाही. सुपारी देणारे गिऱ्हाईक आधी नाव बघते. थांबणारा बँड कुणाला हवा असतो? माझ्या बँडचे नाव न्यू सोमनाथ ब्रास बँड आहे. जुना सोमनाथ बँड कधीच नव्हता, पण 'न्यू' वाचून लोकांना वाटते की घराणे आहे. युनिफॉर्मचे काही लिहिले नाहीस, त्यावरून तो नसावा. शिवाय तू बसून वाजवतेस असे दिसते. बसून भजन करतात. बँड चालतो. पस्तीस वर्षांत माझा बँड वाटेत थांबलेला नाही. लाईट गेली तरी नाही. बँड थांबला की घोडा थांबतो, घोडा थांबला की व्याही भांडतात.

लग्नसराई आहे. एकही रविवार मोकळा नाही, त्यामुळे येणे जमणार नाही. चांदवडचा विषय काढलास. तोही विषय बंद.

उन्हाळ्यात पाणी जास्त पीत जा. बाकी माया आहे तेवढीच आहे, कमी झालेली नाही.

आप्पा


लासलगाव
१४ एप्रिल

चि. तेजू, आईचा आशीर्वाद.

तुझे आप्पा ओट्यावर ट्रंपेट घासत बसलेत, तेवढ्यात चार ओळी लिहून घेते. नाही म्हणाले ते मनावर घेऊ नको. तुझं पत्र त्यांनी पुंजाभाऊंना दोनदा वाचून दाखवलं आणि आता ते युनिफॉर्मच्या खिशात ठेवलंय. काल मला विचारत होते की गिटारवाल्याच्या पुढे उभं राहायचं असतं की मागे. मला काय माहीत?

२७ तारखेला अमावास्या आहे. अमावास्येला कोण लग्न लावतं? मी त्यांना तोंडाने काही बोलले नाही. फक्त भिंतीवरचं कॅलेंडर काढून दाढीच्या आरशाशेजारी लावलं.

चांदवडचं मला विचारू नको, त्यांनाच विचार. सांगतील असं नाही. शेवया पाठवते, डब्यात मुंग्या जाऊ देऊ नको.

तुझी आई,
सिंधुबाई


सिडको, नाशिक
२९ एप्रिल २०२५

ती. आईस, सा. न.

आप्पांनी घरी येऊन काय सांगितलं माहीत नाही. बहुतेक काहीच नाही, म्हणून मी जसं घडलं तसं लिहिते.

कार्यक्रम साडेचारचा होता. आप्पा आणि पुंजाकाका दोन वाजता हजर. दोघेही लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर टोपी, पांढरी पँट. आप्पांच्या काखेत ट्रंपेट. दारावरच्या रखवालदाराने विचारलं की कुठला बँड. आप्पांनी सांगितलं, न्यू सोमनाथ. ते नाव यादीत सापडेना. मी जाऊन दोघांच्या मनगटांना प्रेक्षकांच्या कागदी पट्ट्या बांधून घेतल्या. मग भर उन्हात पोरापोरींनी त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतले. पुंजाकाका प्रत्येक फोटोत सावधान उभे होते.

आम्ही सुरू केलं तेव्हा समोर चारेकशे माणसं असतील. दोघं पहिल्या रांगेत गवतावर बसले होते. आप्पांनी डावा कान माझ्याकडे केला होता. ते बघून मी काठ्या ओढणीला दोनदा पुसल्या.

तिसरं गाणं द्वारका चौकाचं. त्याची दोन कडवी झाली आणि जनरेटर बंद पडला. ओमची गिटार गेली, संध्याचा माईक गेला. ओम गिटारकडे असा बघत राहिला की जणू तिनेच काही सांगावं. माझ्या ड्रमला वीज लागत नाही, म्हणून मी आपली वाजवत राहिले. दुसरं काही सुचलं नाही. आणि तेवढ्यात ट्रंपेट ऐकू आला.

आप्पा उभे राहिले होते. दोन कडव्यांत, एका कानाने, त्यांनी चाल उचलली होती. पुंजाकाकांनी ढोल आणला नव्हता. त्यांनी पिण्याच्या पाण्याचा रिकामा जार उचलला आणि त्यावर ठेका धरला. इथवर सगळं शोभेलसंच होतं. मग आप्पांनी स्टेजकडे पाठ केली आणि चालायला लागले. बँड चालतो ना. जाताना त्यांनी एकदा मागे वळून दोन बोटं डावीकडे दाखवली. मी नऊ वर्षांची असल्यापासून मला ती खूण माहीत आहे: साईड ड्रमने त्यांच्या डावीकडे यायचं. मी सेटमधला छोटा ड्रम काढला, संध्याच्या ओढणीने गळ्यात बांधला आणि खाली उतरले.

आई, ती चारशे माणसं नाचत आमच्या मागे आली. रखवालदाराने फाटक सताड उघडलं. वरात दिसली की माणूस फाटक उघडतो, त्यात त्याचा दोष नाही. गावातल्या मारुतीपर्यंत आम्ही गेलो, कारण आप्पांच्या मते मिरवणूक मारुतीला न टेकता परत फिरत नाही. पुंजाकाकांनी नारळ फोडला. महोत्सवाला आलेल्या मुंबईच्या एका मुलीने खोबरं घेऊन मला विचारलं की हे तिकिटातच धरलेलं आहे का.

परत आलो तर फाटक बंद. एकदा बाहेर गेलेल्याला पुन्हा आत घ्यायचं नाही, असा नियम त्या कागदी पट्टीवरच छापला होता. रखवालदार आता नियमाने वागत होता. आत वीज आली होती आणि पुण्याचा बँड दोन रखवालदार आणि एका कुल्फीवाल्यासाठी वाजवत होता. आम्ही कुंपणाबाहेरून ऐकलं. चांगले वाजवतात. शेवटी ते पुण्याचे वादक स्वतःच श्रोते शोधत फाटकापर्यंत आले, तेव्हा फाटक उघडलं. आयोजकाने संध्याला सांगितलं की पुढच्या वर्षी आम्हाला बोलावता येणार नाही. संध्या बरं म्हणाली.

आप्पांनी दोन ग्लास उसाचा रस घेतला, माळावरचं गवत चांगलं राखलंय म्हणाले आणि साडेसहाची एसटी पकडली. माझ्या तालाबद्दल अवाक्षर काढलं नाही. एवढं सगळं होऊन माझा प्रश्न होता तिथेच राहिला. मला वाईट वाटलं, आई. खूप वाईट वाटलं. त्यांना यातलं काही सांगू नको.

शेवया पोहोचल्या. मुंग्या पण.

तुझीच,
तेजू


लासलगाव
५ मे २०२५

चि. तेजस्विनीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

आईला लिहिलेले तुझे पत्र मी वाचले. तिने मला काही सांगितले नाही. ते आरशाशेजारी होते.

मी बोललो नाही कारण एसटी साडेसहाची होती. हे खरे कारण नव्हे, ते पुढे लिहितो.

चांदवडला तुझा ताल सुटला नव्हता. नवरदेवाचे मित्र पिऊन आले होते. त्यांनी तुझ्याभोवती कडे केले, तुझ्या तोंडासमोर नोटा नाचवल्या, आणि एकाने मला सांगितले की पोरगीला वाजवायला लावू नका, नाचवा. तू मान खाली घालून वाजवत होतीस, तुला ते ऐकू गेले नसावे. तेव्हा माझे दोन्ही कान चांगले होते. त्याच्या कानाखाली काढायला हवी होती. सुपारी त्यांची होती, घोडा मागे उभा होता. मला बँड थांबवता आला नाही, म्हणून मी तुला थांबवले. ते सोपे होते.

घरी आल्यावर सांगावे असे वाटले, पण स्वतःची लाज सांगायला मला तोंड नव्हते. पुढे न बोलणेच अंगवळणी पडले. पण त्या दिवसापासून तू स्वतःला बेताल समजत आलीस, हे मला तुझ्या पहिल्या पत्रावरून कळले. ते वाचून मी त्या रात्री जेवलो नाही. बापाने मुलीला असे लिहायची आपल्यात पद्धत आहे की नाही ठाऊक नाही, पण मला माफ कर.

आता तालाचे. मारुतीपर्यंत जाताना मी दोनदा मुद्दाम लय वाढवली. दोन्ही वेळा तू माझ्या आधी तिथे पोहोचली होतीस. पुंजा मागे राहिला, पण त्याच्याकडे जार होता.

१८ मे, रविवारी, विंचूरची सुपारी आली आहे. तुमच्या महोत्सवात आपल्या मागे नाचलेल्या एका मुलाच्या बहिणीचे लग्न आहे. त्यांना डीजे नको, बँड हवा, आणि ड्रमवर ती मुलगी हवी. मी म्हटले की ती नोकरीला आहे, विचारून कळवतो. नंतर हो म्हणून टाकले. तरी तुला जमत नसेल तर तसे लिही, मी रागावणार नाही.

सुपारी घेतानाच मी एक अट घातली. मुलीसमोर कुणी नोट नाचवली तर बँड जागच्या जागी थांबेल. घोडा थांबला तरी चालेल, व्याही भांडले तरी चालेल. त्यांनी कबूल केले. हे सांगून घरी आलो तेव्हा तुमच्या बँडचे नाव मला पूर्वीइतके वाईट वाटले नाही.

कोट शिवायला टाकला आहे. माप आईने अंदाजाने दिले. बटणे तुझ्या लहानपणीच्या कोटाची काढून लावायला सांगितली आहेत. पितळी आहेत, तशी आता मिळत नाहीत. तो जुना कोट आईने टाकून दिला असेल असे मी धरून चाललो होतो, पण तो माझ्याच ट्रंकेत निघाला.

विंचूरला सकाळी आठला ये. माझ्या डाव्या बाजूला उभी राहा. उजवीकडचे मला ऐकू येत नाही.

तुझा,
आप्पा