शाळेवर पाऊस पडत नाही

१ जुलै
नववीसमोर प्रयोग फसला. बोअरच्या पाण्यात सिल्वर नायट्रेट टाकताच ते दुधाळ झालं, मीठ घालायच्या आधीच. पोरं हसली. डिस्टिल्ड वॉटर संपलंय. शिपाई शकुबाईंना बजावलं, रोज पावसाचं स्वच्छ पाणी भरून ठेवा, पत्र्यावरचं अजिबात नको.

२ जुलै
शाळेचा पर्जन्यमापक माझ्या ताब्यात! सेमी-इंग्लिशच्या पुस्तकांत प्रेसिपिटेशन दोन ठिकाणी आहे. भूगोलाच्या रिना मॅडमकडे त्याचा अर्थ पाऊस, गारा. माझ्याकडे, दोन स्वच्छ द्रावणं मिसळल्यावर तळाला बसणारा साका. हेडसरांना पटवलं, वरून खाली येतं ते सगळं केमिस्ट्रीचंच. रजिस्टर सांभाळेल तो सिंदेवाहीच्या विज्ञान प्रदर्शनाला जाणार. रीडिंग रोज साडेआठला. म्हणून सातला उठणे.

३ जुलै, सकाळी ९.४०
पावसाच्या आवाजात अलार्म ऐकू आला नाही. रीडिंग शून्य. तासभर उशीर झाला म्हणून काय पाणी पळून जातं?

७ जुलै
पुन्हा शून्य. रिना मॅडम नखशिखांत भिजून आल्या. म्हणाल्या, नाल्यावरून पाणी वाहून राह्यलं सर, तुमचं रजिस्टर कोरडं काऊन? जळतात. आमच्या शाळेवर मोहाच्या झाडांमुळे पर्जन्यछाया पडते, हा माझा शोध. तीन चार्ट तयार.

१० जुलै
चैन पडत नाही. संध्याकाळी व्हरांड्यात सतरा फेऱ्या मारल्या. पागोळ्यांपलीकडे हात काढून पाहिला. ओला झाला. हात हे प्रमाणित उपकरण नाही. शून्य.

१२ जुलै
पर्यवेक्षक साहेब आले. प्रयोग झकास! पाणी काचेसारखं, मग भसकन पांढरा साका. टाळ्या. त्याच जोरात शून्यांचं रजिस्टर उघडून पर्जन्यछाया समजावली. साहेबांनी विचारलं, इतकं शुद्ध पाणी आणता कुठून? शकुबाई दारातूनच कौतुकाने म्हणाल्या, त्या मापाच्या डब्यातून जी, रोज आठ वाजता काढून ठेवतो, सरांनीच तं म्हणलं पत्र्यावरचं नको.
रिना मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. फार लाज वाटली.

१३ जुलै
रजिस्टर रिना मॅडमकडे. प्रदर्शनही. माझ्याकडे जबाबदारीचं काम: साडेआठला त्यांचं रीडिंग झालं की डब्यातलं पाणी प्रयोगशाळेत नेणे. दोन अलार्म लावले आहेत.

१४ जुलै, सकाळी ९.५०
पाऊस ६२ मिलिमीटर. पाणी शकुबाईंनी नेऊन ठेवलं होतं.