काकू म्हणालास तेव्हा

प्रिय हेमंत,

गणपतीत तू चाळीस वर्षांनी फोन केलास आणि म्हणालास, "काकू, जरा सुलक्षणाला देता का?" मी म्हटलं, "ती घरी नाही."

आई जाऊन वीस वर्षं झाली रे. फोनवर मीच होते.

माझं डायलिसिस चालू आहे. रक्त वाढावं म्हणून डॉक्टरांनी नवी गोळी दिली होती. रक्त वाढलं, पण थायरॉइड पार खाली गेलं. भर मे महिन्यात मी शाल घेऊन बसायचे आणि आवाज घोगरा झाला होता. सगळे म्हणाले, वय झालं. मीही ते मानलं. कॉन्व्हेंटच्या कॉयरमधला माझा आवाज ऐकायला तू मुद्दाम सायकलची चेन उतरवून भिंतीशी बसायचास. तुला हा घोगरा आवाज माझा म्हणून कसा सांगणार होते?

तपासणीत हा त्या गोळीचाच परिणाम आहे हे कळल्यावर डॉक्टरांनी ती बंद केली. काल कुकर लावताना शाळेची प्रार्थना गुणगुणले, तर शेजारची कल्पिता दारातून ओरडली, "मावशी, आवाज आला की तुमचा!"

हे पत्र मी टाकणार नाही. फोनच करते. नाव मात्र सांगणार नाही. तू ओळख.

घरीच असलेली,
सुलक्षणा