ग्रहणाच्या आधीची तारीख

साकेत नगर, भोपाळ
६ मार्च

प्रिय आई,

मंगळवारी सकाळी तुला फोनवर शब्द दिला होता की दिवसभर खोलीबाहेर पडणार नाही, पडदे ओढून बसेन, सुरी-कात्रीला हात लावणार नाही. तो शब्द मी पाळला नाही. संध्याकाळी सहा वाजता मी गच्चीवर गेले आणि चंद्र वर आल्यापासून ग्रहण सुटेपर्यंत उघड्या डोळ्यांनी बघत उभी राहिले. हे आधीच सांगून टाकते. रागाव हवं तर, पण पत्र खाली ठेवू नकोस. फोनवर तू माझं ऐकून घेत नाहीस. तिसऱ्या वाक्याला रडू फुटतं आणि फोन बाबांच्या हातात जातो. म्हणून लिहितेय. दादाला बजावलंय की पत्र तुझ्याच हातात दे आणि तुझं वाचून होईपर्यंत शेजारून हलू नकोस. तो आत्ता तिथे बसलेला असेल. त्याला चहा विचारायला उठू नकोस, तो पिऊन आलेला असणार.

यंदा इथे ग्रहणाने सगळ्यांचीच पंचाईत केली. होळी सोमवारी पेटवायची की मंगळवारी ग्रहण सुटल्यावर, यावरून कॉलनीत दोन तट पडले आणि शेवटी दोन होळ्या पेटल्या. मंगळवारी सकाळपासून वेध लागले. सासूबाईंनी पहाटेच उठून दुधात, दह्यात, पाण्याच्या पिंपात, अगदी लोणच्याच्या बरणीतसुद्धा तुळशीची पानं टाकून ठेवली. माझ्यासाठी मागची खोली तयार केली, खिडकीला जाड चादर लावली. त्या काही वाईट नाहीत गं. मला सहावा लागल्यापासून त्या मला पाण्याची बादलीही उचलू देत नाहीत. आणि तुझा फोन त्यांनाही आला होताच. तुम्ही दोघींनी मिळून माझा दिवस आखून टाकला होता. चंद्र ग्रहणातच उगवणार होता, म्हणजे दिसलं तर जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. तेवढ्यासाठी मी सकाळपासून अंधारात पडून होते, आणि पडल्या पडल्या मला तुझा पेरू आठवत होता.

तू मला तो कधी सांगितला नाहीस. मला तो आजीकडून कळला, मी नववीत असताना. पंच्याण्णवच्या दिवाळीतलं सूर्यग्रहण, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. तुला आठवा महिना. आदल्या रात्रीपासून पोटात अन्नाचा कण नाही, आणि मागच्या दारी पिकलेले पेरू. तू विळीवर एक पेरू कापलास, अर्धा खाल्लास, आणि आजीने बघितलं. महिन्याभराने दादा झाला तो दुभंगलेल्या ओठाने. आजीला दुसरं कारण शोधावं लागलं नाही. ती गेली, पण तिचं म्हणणं तू उचललंस आणि तीस वर्षं सांभाळलंस. घरात पेरू येत नाही. दादाच्या प्रत्येक वाढदिवसाला तू उपास धरतेस आणि विचारलं की म्हणतेस, पित्त झालंय. आणि संक्रांतीला मी नागपूरला आले तेव्हा माझी चोरओटी तू अलकामावशीला भरायला लावलीस. तू स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाहीस, म्हणालीस पोळ्या करपतील. मी आत येऊन बघितलं आई. तवा उतरवलेला होता आणि तू ओट्याला टेकून नुसती उभी होतीस. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण तू मला म्हणालीस, भोपाळला एवढं मोठं हॉस्पिटल घराजवळ आहे, तिथेच राहा, माझी कशाला गरज. तेव्हा मी काही बोलले नाही. नंतर बोलायलाच हवं अशी वेळ आली.

तीन फेब्रुवारीला माझी पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली. तुला मी 'सगळं छान' असं कळवलं, ते पूर्ण खरं नव्हतं. डॉक्टरबाई एकाच जागी पुन्हा पुन्हा यंत्र फिरवत राहिल्या तेव्हाच माझ्या लक्षात आलं. मी रक्तपेढीत काम करते, माणसं रिपोर्ट बघताना गप्प झाली की त्याचा अर्थ मला कळतो. बाळाचा वरचा ओठ डाव्या बाजूला जुळलेला नाही. दादासारखाच. बाकी हृदय, मेंदू, पाठीचा कणा सगळं तपासलं, सगळं चांगलं आहे. टाळूचं जन्मल्यावर नक्की कळेल. हे वाचून तू काय करशील ते मला माहीत आहे. पण जरा थांब, माझं पुढचं ऐक. त्या रात्री मीसुद्धा तेच केलं. काय खाल्लं, कुठे गेले, कोणती गोळी घेतली, कुणाचं मन दुखावलं, सगळं उकरत पहाटेपर्यंत जागी होते. आणि मग मनात आलं की मी हे एक रात्र करतेय, तू तीस वर्षं करतेयस.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच त्या डॉक्टरबाईंकडे परत गेले आणि त्यांना पेरूचं विचारलं. मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, आईला तेव्हा कितवा महिना होता? मी म्हटलं, आठवा. त्या म्हणाल्या, "ओठ दुसऱ्या महिन्यात जुळतो. नाही जुळला तर तिथेच राहतो. तुमच्या आईने पेरू कापला त्याच्या सहा महिने आधी ते होऊन गेलेलं होतं." मग म्हणाल्या की कधी हे घराण्यात असतं, कधी कारण सापडतच नाही. हे मी तुझी समजूत घालायला लिहीत नाही. मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

हेमंतचं म्हणणं होतं की घरात आत्ता सांगायला नको, बाळ झाल्यावर बघू, त्याच्या आईला उगाच चार महिने घोर. मीही महिनाभर गप्प राहिले. पण ग्रहण जवळ आलं तशी मला धास्ती बसली. बाळ जूनमध्ये येणार. तेव्हा ओठ बघून सगळे मागे मोजत जाणार आणि या मंगळवारपाशी येऊन थांबणार. मी दिवसभर चादरीआड पडून राहिले तरी कुणीतरी म्हणेल, पाणी प्यायला उठली होती, कूस बदलली होती, पदराला पिन लावली होती. तुला अर्धा पेरू पुरला. मला तर नुसती पिनही पुरली असती. आणि माझ्या बाळाला दादासारखं लहानपणापासून ऐकावं लागलं असतं की तुझ्या आईने ग्रहणात काहीतरी केलं. ते मला होऊ द्यायचं नव्हतं. त्यासाठी सांगायचं ते चंद्र उगवायच्या आत सांगायला हवं होतं.

चार वाजता मी खोलीतून बाहेर आले. सासूबाई पुढच्या खोलीत जप करत होत्या, मामंजी शेजारी खुर्चीत. हेमंत मला बघून उठला, येऊन माझ्यामागे उभा राहिला. मी खाली सतरंजीवर बसले आणि सोनोग्राफीची फाईल मामंजींच्या हातात दिली. सचिवालयात जन्म गेलेला माणूस, कुठलाही कागद हातात आला की आधी तारीख वाचतात. त्यांनी मोठ्याने वाचलं, तीन फेब्रुवारी. मग पुढचं मनात वाचलं आणि चष्मा काढला. सासूबाईंना मी सांगितलं. त्यांनी जपमाळ मांडीवर ठेवली आणि बोटांवर मोजू लागल्या. तीन फेब्रुवारी ते तीन मार्च. मग विचारलं, "आणि भाद्रपदातलं ग्रहण?" मी म्हटलं, तेव्हा हे बाळ नव्हतंच, डॉक्टरांनी दिवस काढून दिलेत. त्यांनी पुन्हा मोजलं. मग त्या रागावल्या, पण कशावरून, तर महिनाभर लपवलं यावरून. म्हणाल्या, "मी परकी आहे का गं या घरात?" खरंच चुकलं होतं माझं. मी माफी मागितली. आणि मग त्यांना म्हटलं, आई, मी संध्याकाळी गच्चीवर जाणार आहे, चंद्र बघायला. तुम्ही आलात तर मला बरं वाटेल. त्यांनी माळ उचलली आणि डोळे मिटून घेतले.

गच्चीवर शेजारच्या निर्मला भाभी आणि खालच्या मजल्यावरच्या दोघी आधीच येऊन बसल्या होत्या. मामंजींनी माझ्यासाठी खुर्ची वर आणली. मला बघून निर्मला भाभी धसकल्याच. तीन महिने ही बाई मला आवळ्याचा मुरंबा पुरवतेय, तेव्हा तिने जीव तोडूनच सांगितलं की बेटा खाली जा, आत्ताच जा, पोटावर पदर घे. त्या माझा दंड धरून मला जिन्याकडे वळवत होत्या आणि तेवढ्यात सासूबाई जिन्यातून वर आल्या. गुडघ्यांमुळे दोन वर्षांत त्या गच्चीवर चढलेल्या नाहीत. कठड्याला धरून आधी श्वास घेतला आणि म्हणाल्या, "मैंने बुलाया है उसको." ऐन ग्रहणात सासूबाई खोटं बोलल्या, माझ्यासाठी.

चंद्र लगेच दिसला नाही. पूर्वेला धुरकट होतं, समोरच्या इमारतीवर पाण्याच्या टाक्यांची रांग. साडेसहा होऊन गेले. मला भीती वाटायला लागली की दिसायच्या आतच सुटेल आणि सगळा खटाटोप वाया जाईल. मग हेमंतने बोट दाखवलं. दोन टाक्यांच्या मधून तो वर येत होता, मळकट तांबूस, आणि वरच्या डाव्या अंगाला थोडा खाल्लेला. सासूबाईंनी माझं मनगट धरलं होतं. सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी एकही ग्रहण बघितलेलं नाही, प्रत्येक वेळी दार लावून आत बसल्या. बघता बघता तो काळा भाग लहान होत गेला, नखाएवढा राहिला, मग तेवढाही नाही. सासूबाई हळूच म्हणाल्या, "एवढंच असतं होय?" मला हसूही आलं आणि रडूही.

मला वाटलं होतं भाभींना मी सांगेन. पण सासूबाईंनीच सांगितलं, बाकीच्या दोघींनाही ऐकू जाईल अशा आवाजात, की बाळाचा ओठ जरा फाटलेला आहे, फेब्रुवारीतच कळलं, ग्रहण आज झालं. भाभींनी ऑपरेशन केव्हा करतात ते विचारलं. सासूबाई म्हणाल्या, तीन-चार महिन्यांचं झालं की. तीन तासांपूर्वी ऐकलेलं त्यांनी असं सांगितलं जणू कधीचं माहीत होतं. बाकीच्या दोघी उठून खाली गेल्या, आणि परवा रंगाच्या दिवशी आमच्याकडे आल्याही नाहीत. न येवोत. सगळ्यांचं मन मी एका संध्याकाळी बदलू शकत नाही. पण आता मागे मोजत जायला त्यांना जागा ठेवलेली नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते. तुझी क्षमा मागायला नाही, तुला शहाणपण शिकवायलाही नाही. मला तू इथे हवी आहेस. डॉक्टर म्हणाल्या की ऑपरेशनआधीचे महिने दूध पाजणं हेच अवघड काम असतं, बाळाला नीट ओढता येत नाही, दूध नाकातून येऊ शकतं, वजन वाढलं नाही तर ऑपरेशन लांबतं. त्यांनी मला बाटल्या आणि चमचे दाखवले, एक कागद दिला. मी तो वाचून घाबरले. मग बाबांना फोन करून विचारलं, दादाचं कसं केलंत. ते म्हणाले, मला काय विचारतेस, सगळं तुझ्या आईने केलं. मान किती उचलून धरायची, वाटीची कड कुठे टेकवायची, कितव्या घोटाला थांबायचं, तिनेच शोधून काढलं, कुणी शिकवायला नव्हतं. पाचव्या महिन्यात दादाचं वजन एवढं होतं की सर्जनने तुला विचारलं, बाई, तुम्ही काय करता? हे तू मला कधीच सांगितलं नाहीस. तीस वर्षं तू स्वतःला त्याचा ओठ फाडणारी समजत आलीस. अगं, तू त्याला जगवलंस. माझ्या ओळखीत दुसऱ्या कुणाला हे येत नाही. तारीख तेवीस जून आहे. दादा तुला जूनच्या पहिल्या आठवड्यात आणून सोडेल, त्याने रजा टाकली आहे, सासूबाईंनी त्यांच्या खोलीतला पलंग तुझ्यासाठी रिकामा करायला घेतलाय. बाळ आधी तुझ्या हातात द्यायचं असं मी हॉस्पिटलात सांगून ठेवणार आहे. तू नाही म्हणालीस तर मी अशीच पोट घेऊन नागपूरला येईन आणि तुला घेऊन जाईन. ये आई. मला शिकव.

तुला न्यायला निघायच्या तयारीत असलेली,
तुझीच
जुई