पाणी कधी चढलं

ता. ६, बुधवार

तीर्थरूप अप्पा,

साष्टांग नमस्कार कागदावरच मानून घ्यावा, प्रत्यक्ष वाकायची सोय राहिलेली नाही. इथली मुलांची टेबलं माझ्या गुडघ्याएवढी आहेत. दिवसभर त्यांच्यावर ओणवं राहून माझी कंबर आता आईच्या कंबरेशी स्पर्धा करते. हे आईला सांगू नका, ती लगेच शेकायची पिशवी पाठवेल.

फोन का करत नाहीस, असं तिने विचारलं होतं. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनाने घालता. त्यापेक्षा पत्र बरं. शिवाय तुम्हाला लिहिताना शुद्धलेखनाची भीती वाटते, तेवढंच माझं वय कमी होतं.

ही प्रशिक्षणाची शाळा पहिल्या दिवशी मला भंगाराचं दुकानच वाटली होती. कपाटं उघडली की बाटल्यांची झाकणं, सायकलच्या ट्यूबा, मोडक्या छत्रीच्या तारा, औषधांचे रिकामे डबे. यातूनच विज्ञान शिकवायचं. आम्हाला शिकवायला शिकवणाऱ्या मोठ्या बाईंचा एक कडक नियम आहे. मुलं प्रयोग करत असताना शिकवणाऱ्याने दोन्ही हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. ग्लास कलंडो, पाणी सांडो, हात कितीही शिवशिवोत, पुढे आणायचे नाहीत. आम्ही सगळ्या त्यांना 'हातमाग बाई' म्हणतो, अर्थात त्या खोलीबाहेर गेल्यावर. दुसरा नियम म्हणजे आधी अंदाज. काय होईल असं वाटतं ते प्रत्येक मुलाने आधी वहीत लिहायचं आणि मगच सामानाला हात लावायचा.

काल माझा पाठ झाला. विषय कोणता घेतला ते सांगायला नकोच. तुमची मेणबत्ती! ताटलीत रंगीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास पालथा. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. तुम्ही ती टेबलावर पेटवायचात तेव्हा आम्ही हाताची घडी घालून बसायचो आणि मागच्या बाकावरची वांड पोरंसुद्धा चिडीचूप व्हायची. "प्राणवायू हवेचा एक पंचमांश. तो संपला, म्हणून पाणीही एक पंचमांश चढलं." हे वाक्य मला झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणता येईल. तुमचे जुने विद्यार्थी रस्त्यात थांबवून अजून त्या मेणबत्तीबद्दल बोलतात. मग मला दुसरा विषय कसा सुचणार?

पाठ ठीक झाला. तिसऱ्या टेबलावर थोडा गोंधळ झाला, तो मी निस्तरला. बाकी विशेष काही नाही. ऑफिसातली नोकरी सोडल्याचा पश्चात्ताप होतो का, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. होत नाही. काल संध्याकाळी थोडासा झाला होता, पण तो कंबरेमुळे असावा.

तुमची,
घरातली धाकटी, इथली सगळ्यांत थोरली विद्यार्थिनी

---

ता. १९, मंगळवार

तीर्थरूप अप्पा,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. चार ओळी, आणि त्यातल्या तीन पाण्याबद्दल. 'बरोबर एक पंचमांशावर थांबलं ना? तिसऱ्या टेबलावर नक्की काय झालं?' जन्मभर पोरांच्या थापा ऐकलेल्या माणसापासून काही लपत नाही, हे मी विसरलेच होते.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?

तिसऱ्या टेबलावर एक मुलगी बसते. अंगाने एवढीशी आणि चालते ती भिंतीच्या कडेकडेने, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणतात. मी इथे आल्यापासून तिचा आवाज ऐकला नव्हता. त्या दिवशी तिची मेणबत्ती सारखी कलंडत होती, म्हणून तिने आधाराला आणखी दोन शेजारी चिकटवल्या आणि तिन्ही पेटवल्या. वर ग्लास ठेवला. पाणी चढलं ते थेट निम्म्या ग्लासापर्यंत.

मी तिच्या मागेच उभी होते. तिने मान वर केली आणि म्हणाली, "बाई, जास्त चढलं. आणि मेणबत्त्या जळत होत्या तेव्हा नाही चढलं. विझल्यावर चढलं."

आता गंमत बघा. तुमची मेणबत्ती मी इतक्या वेळा पाहिली, पण पाणी कधी चढतं हे मला सांगता आलं नसतं. मी कायम ज्योतीकडे बघत आले. आणि ती म्हणते ते खरं असेल, तर प्राणवायू संपल्यामुळे पाणी चढतं हे कसं जमायचं? तसं असतं तर ते जळतानाच हळूहळू चढायला हवं. आणि मेणबत्त्या तीन लावल्या म्हणून हवेतला प्राणवायू काही तिप्पट होत नाही. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं, अप्पा. कळलं नाही असं मुळीच नाही.

तरीही मी काय केलं असेल? हात पुढे आणले. तिच्या पुढ्यातला ग्लास काढून घेतला आणि म्हणाले, "तीन लावल्यास म्हणून चुकलं. प्रयोगात एकच मेणबत्ती असते." मग एकच लावून मी स्वतः करून दाखवलं, आणि फळ्यावर ठसठशीत अक्षरात एक पंचमांश लिहिलं. वेळ मारून नेली. तिने "बरं" म्हटलं, खोडरबर घेतलं, स्वतः लिहिलेलं खोडलं आणि फळ्यावरचं उतरवून घेतलं.

हातमाग बाई शेवटच्या खुर्चीवर होत्या. पाठानंतर मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. त्यांनी एवढंच विचारलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"वडिलांनी."

"चांगलं शिकवत असणार."

"फार चांगलं."

"मग कठीण आहे हो," त्या म्हणाल्या आणि ताटल्या धुवायला घेऊन गेल्या.

नंतर आम्ही दोघींनी रिकाम्या वर्गात पुन्हा करून बघितलं. पेटत्या मेणबत्तीमुळे ग्लासातली हवा तापते, फुगते, आणि ग्लासाच्या कडेखालून बुडबुडे होऊन थोडी निसटते. मेणबत्ती विझली की उरलेली हवा गार होते, आक्रसते, आणि ती रिकामी झालेली जागा पाणी घेतं. मेणबत्त्या जास्त, तर हवा जास्त तापणार आणि पाणी जास्त चढणार. प्राणवायू तर पुरता संपतही नाही. एक मेणबत्ती आणि आपला नेहमीचा ग्लास घेतला की पाणी साधारण एक पंचमांशापर्यंत येतं, हा निव्वळ योगायोग. आणि तुम्ही कायम एक मेणबत्ती आणि तोच ग्लास घेत होतात.

मुंगीला मी चूक ठरवलं, कारण तिला बरोबर म्हणायचं तर तुम्हाला चूक म्हणावं लागलं असतं. भर वर्गात, तुम्ही समोर नसताना. ते माझ्याच्याने झालं नाही. त्या दिवसापासून ती अंदाजाची जागा कोरी ठेवते. मी फळ्यावर काय लिहिते याची वाट बघते आणि तेच उतरवते. अक्षर सुंदर आहे तिचं. ते बघून मला रडू येतं.

हे सगळं तुमच्यापाशी बोलायचा धीर होत नव्हता, म्हणून मागचं पत्र मी कंबरेवर भागवलं.

तुमची,
तीच

---

ता. ८, शुक्रवार

तीर्थरूप अप्पा,

तुमचं उत्तर आलं नाही. आईचा फोन आला. ती म्हणाली, "अगं, ह्यांना झालंय तरी काय? स्वयंपाकघराला आतून कडी लावून बसतात. पाहुण्यांसाठी ठेवलेले काचेचे ग्लास एकेक करून चाललेत. काय चाललंय विचारलं तर म्हणतात, ऐकू येत नाही."

फोन ठेवल्यावर मी हसले, आणि मग बराच वेळ हुंदका आवरेना. तुम्हाला दुखावलं असेल, अप्पा. पण लिहिलं ते खोटं होतं असं म्हणून मागे घेता येत नाही. तरी तुम्ही एकटे कडी लावून बसला आहात, हे मला सहन होत नाही. तुमची ती मेणबत्ती पाहिली नसती तर मी या वयात गुडघ्याएवढ्या टेबलांवर ओणवी झालेच नसते. एवढं तुमच्याकडून आलेलं आहे, आणि ते अख्खं आहे, त्यात कुठलाच पंचमांश नाही.

मी वर्गात कबूल केलं. फळ्यावर लिहिलेलं चुकलं होतं आणि मुंगी म्हणत होती ते बरोबर होतं, असं सगळ्यांसमोर सांगितलं. मुलांना आनंदच झाला, बाई चुकल्या म्हणजे काय! सगळ्यांनी एक, दोन, तीन मेणबत्त्या लावून पाहिल्या, बुडबुडे मोजायची चढाओढ लागली. एका टेबलावरची ताटली जमिनीवर गेली, मी हात मागेच ठेवले.

मुंगीने सगळं केलं. अंदाजाची जागा मात्र कोरीच. मी शेजारी बसले तेव्हा हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून म्हणताय ना?"

"नाही गं. खरंच चुकलं होतं."

"तुम्हाला कोणी शिकवलं होतं?"

"माझ्या सरांनी. ते माझे वडीलच आहेत."

"ते केवढे आहेत?"

"आजोबा आहेत आता."

"मग ते कसे चुकतील?" ती म्हणाली, आणि फळ्याकडे बघत बसली.

माझ्यावर तिचा विश्वास नाही, आणि तो नसणं बरोबरच आहे. एकदा चुकीचं ठामपणे सांगणारी बाई दुसऱ्यांदाही सांगू शकते. या पोरीने पुन्हा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला हवा असेल, तर तिला तुम्हीच सांगायला हवं. मी हे मागू नये, कळतं मला. तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा विषय काढणार नाही. पण स्वयंपाकघरात तुम्हाला काय दिसलं, ते मला नको, तिला लिहाल का?

वाट बघत असलेली,
तुमची

---

ता. १७, रविवार

चि. मुंगीस,

अनेक आशीर्वाद.

मी तुझ्या बाईंचा बाप आणि एके काळचा सर. तुझ्याविषयी मला पत्राने कळलं, आणि खरं सांगायचं तर मला तुझा राग आला. माझ्या मेणबत्तीवर आजवर कोणी शंका काढली नव्हती. तुला खोटं पाडायचं, एवढ्यासाठीच मी ताटली आणि ग्लास घेऊन बसलो.

अंदाज लिहिला, एक पंचमांश. एक मेणबत्ती लावली, तेवढंच चढलं. मला फार आनंद झाला. दोन लावल्या, जास्त चढलं. ग्लास गळका असेल म्हणून दुसरा घेतला. तीन लावल्या. मग मी चष्मा पुसून ज्योतीकडे न बघता फक्त पाण्याकडे बघत बसलो. मेणबत्त्या जळत होत्या तोवर पाणी खालीच होतं. त्या विझल्या आणि ते चढलं.

तू म्हणालीस तसंच. मी चुकलो होतो. इतकी वर्षं टेबलाशी उभा राहून मी कधी पाण्याकडे पाहिलं नाही, आणि वर्गाला हाताची घडी घालून बसवलं, त्यामुळे कोणी आपल्या हातांनी करून मला सांगितलंही नाही. याचं मला वाईट वाटतं. फार वाटतं. दोन दिवस जेवण गेलं नाही. पण तू सांगितलंस हे बरं झालं.

आता माझं एक काम आहे. कारण जर गरम हवा असेल, तर मेणबत्ती हवीच कशाला? ग्लास नुसता गरम पाण्यात तापवून ताटलीतल्या पाण्यात पालथा घातला तर काय होईल? मला वाटतं, काहीच होणार नाही. पण मला वाटण्याचा भरवसा राहिलेला नाही, आणि मला करून बघता येत नाही, कारण बाईंच्या आईने उरलेले ग्लास कपाटात घालून किल्ली पदराला बांधली आहे. तेव्हा ते तू कर. तापलेला ग्लास मोठ्या माणसाला धरायला लाव. तुझ्या बाईंना हात पाठीमागून काढायची तेवढ्यापुरती माझी परवानगी आहे.

पण आधी तुझा अंदाज लिही. बाईंना दाखवू नकोस. मला कळव. फळ्यावरचा नको, तुझा हवा. चुकला तर आपण दोघं चुकलो असं म्हणू.

मला दुसरं कोणी सांगणारं नाही. उत्तराची वाट बघतो.

तुझा आज्ञाधारक,
बाईंचे अप्पा