तिसऱ्या वहीतली पट्टी

मी, शेवटच्या पानावर सही करणारा, वय सत्तेचाळीस, व्यवसायाने डोळ्यांचे नंबर काढणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, असे माझे मत आहे; पत्नीचे मत वेगळे असल्यास तिने ते वकीलबाईंना कळवावे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. उलट सगळे "कशाला हे असलं लिहितोस?" असेच म्हणत आहेत. येत्या मंगळवारी माझ्या पित्ताशयातले खडे काढायचे आहेत. धोका किती, असे मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "अहो, समोरचा रस्ता ओलांडून आलात ना, त्यात जास्त होता." यावर मी निर्धास्त व्हायला हवे होते. पण मी घरी येऊन रस्त्याचा विचार करत बसलो, आणि मग कागद घेतला.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. कॉलेजात एक कविता केली होती, तीही रद्द समजावी.

कलम एक. घर, घरातले सामान आणि बँकेत जे काही असेल ते पत्नीचे. यावर चर्चा नको. फक्त एक नोंद करतो. पत्नी कोणत्याही चित्रपटातून संपायच्या दहा मिनिटे आधी उठते. "आता काय होणार ते कळलं, चल, नंतर जिन्यात गर्दी होईल." लग्नाला एकोणीस वर्षे झाली, पण मी एकाही चित्रपटाचा शेवट तिच्यासोबत पाहिलेला नाही. घराचा उल्लेख पहिल्याच कलमात आल्यामुळे ती आत्ताही उठायच्या बेतात असेल. तिला विनंती, की हा एक कागद तिने शेवटपर्यंत वाचावा. जिन्यात कोणी नाही.

कलम दोन. भिंगांची लाकडी पेटी, तपासणीची चौकट आणि अक्षरांचा तक्ता दुकानातल्या भागीदाराने घ्यावा. अट एकच. तो माणसांना घाई करतो, ती करू नये. भिंग बदलून आपण विचारतो, "हे बरं की ते बरं?" तेव्हा चांगली शिकलेली माणसेही परीक्षेला बसल्यासारखी घाबरतात. "डॉक्टर, कोणतं बरोबर आहे?" असे उलट विचारतात. मी डॉक्टर नाही, हे त्यांना आधी सांगावे. मग सांगावे, "बरोबर उत्तर माझ्याकडे नाहीच. तुम्हाला काय दिसतं तेवढं सांगा." हे वाक्य मी बावीस वर्षे, दिवसातून दहा-बारा वेळा म्हणत आलो आहे. ते घरात का म्हटले नाही, हा प्रश्न कलम पाचमध्ये येईल.

कलम तीन. "खुर्चीतली मते" असे नाव घातलेली जाड वही लेकीला. डोळ्यांत थेंब घातल्यावर माणसाला वीस मिनिटे बसून राहावे लागते. वाचता येत नाही, फोन दिसत नाही. त्या वेळात मी विचारतो, शेवटचा सिनेमा कोणता पाहिला आणि कसा होता? जी उत्तरे आली ती शब्दशः लिहिली आहेत. बसचालक म्हणाला, "हिरो गाडी चालवताना बाईकडे बघून बोलत राहतो. समोर बघतच नाही. मी तिकडेच ब्रेक दाबत बसलो, गोष्ट कुठली कळतेय?" परिचारिका म्हणाल्या, "मरणारा माणूस इतकं बोलत नाही हो. पाणी मागतो." दादा-वहिनीच्या खालच्या मजल्यावर राहणारा शिंपी म्हणाला, "भांडण सुरू झालं तेव्हा शर्टाला पाच बटणं, संपलं तेव्हा सहा. मारामारीत बटण वाढलं!" आणि एक आजी डोळे मिटून म्हणाल्या, "त्यातली सून चहा देते पण स्वतः पीत नाही. तेवढंच लक्षात राहिलं. बाकी नाच होता."

लेक सतराची आहे आणि चित्रपट दुप्पट वेगाने पाहते. "बाबा, त्यांच्या बोलण्यात गॅप फार असतात." मी यावर बरेच बोललो आहे. ते मागे घेतो. माझ्या बोलण्यातही गॅप असतात, आणि ती ते साध्या वेगाने ऐकते. वही तिने कोणत्याही वेगाने वाचावी.

कलम चार. कॉलेजातल्या चित्रपट मंडळाचे अध्यक्ष (मी चिटणीस होतो) यांना माझी बसायची उशी. एका गाजलेल्या संथ चित्रपटात ते पहिल्या रिळापासून झोपले होते. मी शेजारीच होतो. दिवे लागल्यावर ते उठले आणि त्यातल्या शांततेवर चाळीस मिनिटे बोलले. टाळ्या पडल्या. सर्वांत मोठ्याने मी वाजवल्या. म्हणून त्यांच्याबद्दल इथे जो शब्द लिहिला होता, तो मलाही लागू पडत असल्याने झाकला आहे.

कलम पाच. माझ्या चित्रपटांच्या एकतीस वह्या आहेत. त्यांतल्या तीस जाळाव्यात, वाटाव्यात किंवा कपाटाचा पाय हलतो त्याखाली ठेवाव्यात. तिसरी वही वहिनीला द्यावी. याचे कारण लिहायला मला थोडी जागा लागेल.

वहिनी, म्हणजे दादाची बायको, आमच्या घरी आली तेव्हा मी चौदाचा होतो. दादाला चित्रपटगृहात झोप लागते. दिवे गेले की तोही जातो. त्यामुळे वहिनी मला घेऊन जायची. तिची चित्रपट मोजायची स्वतःची रीत होती. तिथल्या लाकडी खुर्च्या जरा हलले की कुरकुरत, आणि आपण किती वेळा हललो हे ती मोजायची. बाहेर आल्यावर मी विचारायचो, "वहिनी, किती?" ती म्हणायची, "पाच चुळबुळी. गाणी काढली तर तीन." शून्य चुळबुळीचे चित्रपट तिच्या आयुष्यात दोनच. तेव्हा मला वाटे, सगळे जग असेच मोजते.

मग मी कॉलेजात गेलो. आशय, आकृतिबंध, प्रतिमा हे शब्द शिकलो. वाईट शब्द नाहीत ते, पण मी ते नव्या बुटांसारखे घालून घरभर फिरायचो. विसाव्या वर्षी वहिनीसोबत एक चित्रपट पाहिला. त्यात आंधळी आई हरवलेल्या मुलाच्या शर्टावरून हात फिरवते आणि स्वतः शिवलेल्या टाक्यावरून त्याला ओळखते. नंतर ती पायरीवरून पडते, डोक्याला मार लागतो आणि तिला दिसू लागते. डोक्याला मार लागून दृष्टी येत नाही, हे मी आता व्यवसायाने सांगू शकतो.

दोन दिवसांनी मंडळाचे चौघे आमच्याकडे जेवायला होते. अध्यक्षांनी त्या चित्रपटाला "भडक" म्हटले. वाढता वाढता वहिनी म्हणाली, "मला आवडला बाई. ती शर्टावरून हात फिरवते ते किती छान होतं." चौघे माझ्याकडे पाहू लागले. आणि मी म्हणालो, "वहिनीचं काय घेऊन बसलात, पडद्यावर कोणी कांदा चिरला तरी हिला रडू येईल."

सगळे खूप हसले. वहिनी "खरंय" म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

त्यानंतर सत्तावीस वर्षे झाली. आम्ही बोलतो, भांडतो, एकमेकांच्या आजारपणात धावतो. पण त्या दिवसापासून कोणताही चित्रपट कसा होता असे विचारले, की वहिनी दोनच शब्द म्हणते, "बरा होता." चुळबुळी तिने पुन्हा कधी सांगितल्या नाहीत. मी विचारले नाही असे नाही, पण विचारताना माझा आवाज हसरा असायचा, म्हणजे मी विचारले नाहीच.

आता तिसरी वही. त्या चित्रपटाची नोंद मी पाहून आल्या आल्या केली होती. जेवणावळीनंतर मी तिच्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली आणि वर लिहिले, "भडक. सुमार. तर्कदुष्ट." वही मंडळात फिरायची, म्हणून. खाली काय आहे ते साधारण आठवते, नेमके शब्द आठवत नाहीत. माझ्या पश्चात वहिनीने ती पट्टी वाफेवर सोडवून खालचे वाचावे. तेच माझे खरे मत होते.

कलम सहा. दादाला काही नाही. माझी शिडी त्याच्याकडे आहे. ती मी त्याला आजच, जिवंतपणी, दिली आहे. त्याला वाटते ती त्याचीच आहे.

इथपर्यंतचा कागद शनिवारी वकीलबाईंना दाखवला. साक्षीदार म्हणून मी वहिनीचे नाव घातले होते. त्या म्हणाल्या, "वहिनी चालणार नाहीत. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये."

"अहो, मिळतंय काय, एक जुनी वही!"

"वही असो नाहीतर बंगला. आणि हे कलम चारमध्ये काय चिकटवलंय?"

मी सांगितले, की एक शब्द नको होता, म्हणून वर पट्टी लावली.

"अशी पट्टी लावू नका. खाली काय दडवलं असं कोणीही विचारेल. एक रेघ मारा, शेजारी सही करा. खोडलेलं वाचता आलं पाहिजे. चूक केली होती आणि ती तुम्हीच सुधारली, एवढं दिसू दे ना."

त्या कायद्याबद्दल बोलत होत्या. मी मात्र घरी येईपर्यंत एकच विचार करत होतो. वहिनीची माफी मागायला मी माझ्या मरणाची वाट पाहणार, आणि ती वही उघडेल तेव्हा उत्तर ऐकायला मी नसणार. हे मृत्युपत्र नव्हे, ही पळवाट आहे. शिवाय खडे काढून मी धडधाकट परत आलो, तर वहिनीला आणखी तीस वर्षे "बरा होता" म्हणावे लागेल.

म्हणून: कलम चारमधली पट्टी काढली आहे. खाली "ढोंगी" हा शब्द आहे. त्यावर एक रेघ मारून सही केली आहे. कलम पाच रद्द. त्यावरही एकच रेघ आहे, सगळे वाचता येते. तिसरी वही मी आज स्वतः वहिनीच्या हातात दिली. झाले ते असे.

दुपारी गेलो. दादा झोपला होता. स्वयंपाकघरात ओट्यावर किटलीखेरीज काही नव्हते. मी वही पुढे केली आणि काय आहे ते भराभर सांगितले. वहिनीने किटली उकळू दिली, पान वाफेवर धरले आणि पट्टीचा कोपरा नखाने उचलला. मग वही लांब धरली. तिचा नंबर वाढला आहे, हे मी तेवढ्यात ताडले.

"वाचा तुम्हीच, भाऊजी."

मी वाचले: "रडलो. चार वेळा. शर्टाच्या टाक्यापाशी तर हुंदकाच आला. वहिनीने तिचा रुमाल दिला. कोरडा होता."

"चार नाही," वहिनी म्हणाली. "पाच. मी मोजत होते."

"वहिनी, मी तेव्हा जे बोललो..."

"थांबा हो. मला तो सिनेमा मुळीच आवडला नव्हता."

मी वही ओट्यावर ठेवली.

"अकरा चुळबुळी! शेवटी तर उठून उभी राहणार होते. पायरीवरून पडून कोणाला दिसायला लागतं का? आमच्या मामी पडल्या, त्यांचा खुबा गेला."

"मग जेवताना 'आवडला' का म्हणालीस?"

"तुम्हाला आवडला होता ना. ते चौघे त्याला नावं ठेवत होते आणि तुमचा घास तोंडातच फिरत होता. म्हटलं, कोणीतरी बाजू घ्यावी. तर तुम्ही मलाच..." इतके बोलून ती हसायला लागली. मीही हसलो, पण जरा उशिरा.

रुमाल कोरडा होता, म्हणजे वहिनी रडलीच नव्हती, हे माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. शब्द पाठ करायच्या नादात मी ते वाचायचे विसरलो.

मी विचारले, "मग इतकी वर्षं 'बरा होता' का?"

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही लिहून ठेवलं असतं. आणि वर परत कागद चिकटवला असता."

तिने चहा टाकला. मग गेल्या सत्तावीस वर्षांतले जेवढे चित्रपट आठवले, तेवढ्यांच्या चुळबुळी तिने ओट्याला टेकून सांगितल्या, आणि मी तिसऱ्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर उतरवून घेतल्या. माझ्या अत्यंत आवडत्या एका चित्रपटाला चौदा मिळाल्या. मी वाद घातला नाही. एकदा घातला. वही तिच्याकडेच राहिली.

कलम सात. मंगळवारनंतर मी असलो, तर शुक्रवारच्या खेळाला वहिनी आणि मी जाणार आहोत. नसलो, तर तिने लेकीला न्यावे, साध्या वेगाच्या चित्रपटाला, आणि आकडा मोठ्याने सांगावा.

वहिनीला या मृत्युपत्राने आता काहीही मिळत नाही. त्यामुळे वकीलबाईंची हरकत उरलेली नाही. वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण: वहिनीचे स्वयंपाकघर.
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा रविवार, दुपारचे साडेतीन.

सही: भाऊजी (डोळ्यांचे नंबर काढणारा)

साक्षीदार पहिला: खालच्या मजल्यावरचा शिंपी. सही माझ्यासमोर झाली. सही करताना यांच्या शर्टाला बटणे सहा, नंतरही सहाच.

साक्षीदार दुसरी: वहिनी. सही माझ्यासमोर झाली. पूर्ण ऐकलं. चुळबुळी दोन, दोन्ही कलम तीनमध्ये. शेवटाकडे एकदा डोळे पुसायला हलले, पण तेव्हा मी कांदा चिरत होते, ती धरू नये.